शासक हीच शिक्षा

राज्यकर्ते भ्रष्ट झाले म्हणजे दैवी कोप ओढवेल, असे सांगणारे सर्व देशांत होऊन गेले. भ्रष्ट राज्यकर्ते हाच तो कोप, असे बजावणारा यशया हा हिब्रू संदेष्टा मात्र आम्हांस निराळ्या कोटीचा वाटतो.

आमोजाच्या या पुत्राला इ. स. पूर्व ७४० च्या सुमारास, यहूदाचा राजा उज्जीया निवर्तला त्या वर्षी, साक्षात्कार झाला. तो अरण्यात गेला नाही. राजधानी यरुशलेमेतच राहिला, संसार केला, आणि मुलांची नावेही अशी ठेवली की हाक मारताच नगरास इशारा ऐकू यावा. पुढे राजा आहाजाने त्याचा सल्ला डावलून मंदिरातील सोनेरुपे अश्शूरच्या सम्राटास धाडले.

यशयाच्या ग्रंथातील तिसरा अध्याय आजही अस्वस्थ करतो. देव प्रथम राज्याचा आधार काढून घेतो. अन्नपाणी तर जातेच, पण न्यायाधीश, योद्धा, मसलतगार, कुशल कारागीर हेही नाहीसे होतात. मग पोरेसोरे अधिपती होतात. अखेर ज्याच्या अंगावर धड वस्त्र आहे अशा भाऊबंदालाच लोक पुढारीपणाची गळ घालतात, आणि तो घरातील दारिद्र्य पुढे करून अंग काढून घेतो. सत्तेला उमेदवारच मिळू नये, ही कल्पना आमच्या पिढीला मौजेची वाटेल!

पण दुःशासन हे अवर्षणाप्रमाणे दैवी मानले, तर ते मुकाट सोसावयाचे काय? यशयाला तसे अभिप्रेत नाही. त्याच अध्यायात तो वडील व सरदार यांना देवाच्या न्यायासनापुढे खेचतो. गरिबांची लूट त्यांच्याच घरात सापडते. शिक्षा म्हणून आलेला शासकही दोषमुक्त नाही. मात्र लुटला गेलेला गरीब या शिक्षेत पुन्हा का भरडावा, याचा उलगडा तो करीत नाही. ही उणीव आम्हांस बोचते.

हिज्कीयाच्या कारकीर्दीत, स्वतःसाठी उंच कातळात थडगे खोदविणाऱ्या शेबना या राजवाड्याच्या कारभाऱ्याला त्याने नाव घेऊन फटकारले. इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने स्वारी केली, तेव्हा कारभार एल्याकीमाकडे गेलेला होता आणि शेबना चिटणीस म्हणून उरला होता. सन्हेरीबाच्या लेखात ४६ तटबंदीची नगरे घेतल्याची नोंद आहे. यरुशलेम तेवढे वाचले.

१८७० मध्ये यरुशलेमेसमोरील सिलवान येथे कातळातील एका थडग्यावरचा लेख सापडला. थडगे राजवाड्याच्या एका कारभाऱ्याचे. आत सोनेरुपे नाही असे सांगून, ते उघडणाऱ्यास शाप दिलेला. अनेक अभ्यासक ते शेबनाचे मानतात. ती शिळा लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. नावाची शेवटची अक्षरे तेवढी तिच्यावर शिल्लक आहेत.