राज्याच्या सीमेवर थांबणारा कायदा

अमेरिकेचे चलन एक, टपाल एक आणि लष्करही एक. परंतु विवाह, अपत्यजन्म आणि पालकत्व हे विषय तेथे प्रामुख्याने घटक राज्यांच्या अधिकारात येतात. परिणामी, एका राज्यात जे निर्वेधपणे करता येते, त्यासाठीच शेजारच्या राज्यात शिक्षा भोगावी लागते. या व्यवस्थेचा खरा भार कोणावर पडतो हे पाहायचे असेल, तर मार्गारेट सँगर यांचे चरित्र अभ्यासावे. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या म्हणून त्यांचे नाव आपल्याकडील सुशिक्षितांना परिचित आहे. परंतु त्यांचे आयुष्य राज्याराज्यांतील कायद्यांच्या विषमतेशी दिलेल्या झुंजीतही गेले, याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते.

सँगरबाईंचा जन्म १८७९ साली न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या गावी एका आयरिश पाथरवटाच्या घरी झाला. त्यांच्या आईला १८ वेळा गर्भधारणा झाली, ११ मुले जन्मली आणि पन्नाशीच्या सुमारास क्षयाने तिचा अंत झाला. संततिप्रतिबंधक साधने व त्यांविषयीची माहिती टपालाने पाठविण्यास १८७३ च्या केंद्रीय कायद्याने आधीच बंदी घातली होती. सँगरबाईंच्या जन्मवर्षीच, १८७९ मध्ये, कनेक्टिकट राज्याने त्याही पुढे पाऊल टाकले. तेथे अशी साधने नुसती वापरणे हाच गुन्हा ठरला; पती-पत्नींनाही त्यातून सूट नव्हती. शिक्षा किमान ५० डॉलर दंडाची किंवा ६० दिवसांपासून एक वर्षापर्यंतच्या कैदेची.

न्यूयॉर्क शहराच्या गरीब वस्तीत परिचारिका म्हणून हिंडताना सँगरबाईंना एक गोष्ट उमगली. सधन कुटुंबातील स्त्रीला तिचा खासगी डॉक्टर हळूच काही मार्ग सांगत असे. मजुराच्या बायकोला मात्र कायदा दाखवून परत पाठविले जाई. म्हणजे कायदा सर्वांना सारखा होता, पण तो मोडण्याची सोय सर्वांना सारखी नव्हती. १९१४ मध्ये त्यांनी एक मासिक काढले. त्यावरून खटला भरला गेला तेव्हा त्या काही काळ इंग्लंडला निघून गेल्या. परतल्यावर १६ ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांनी ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागात देशातील पहिला संततिनियमन दवाखाना उघडला. त्याची पत्रके इंग्रजी, यिडिश व इटालियन अशा तीन भाषांत छापली होती. अवघ्या दहा दिवसांत चारशेहून अधिक स्त्रिया तेथे येऊन गेल्या आणि मग पोलीस आले. सँगरबाईंना ३० दिवसांचा कारावास झाला. अपिलात १९१८ साली त्यांची शिक्षा कायम राहिली. परंतु रोगनिवारणासाठी डॉक्टरांनी असा सल्ला देणे कायदेशीर आहे, असा अर्थ न्यूयॉर्कच्या न्यायालयाने लावला. दार पूर्ण उघडले नाही, पण फट पडली.

ही फट न्यूयॉर्कपुरतीच होती. १९३६ साली केंद्रीय अपील न्यायालयाने, जपानहून मागविलेल्या साधनांच्या एका पुडक्याच्या प्रकरणात, डॉक्टरांवरील टपाल व आयातीचे निर्बंध सैल केले. तरीही कनेक्टिकटचा राज्य कायदा जसाच्या तसा राहिला. १९३९ मध्ये वॉटरबरी येथील दवाखान्यावर धाड पडली आणि पुढच्याच वर्षी राज्यातील सर्व संततिनियमन दवाखाने बंद झाले. त्यानंतर तेथील कार्यकर्ते गरजू स्त्रियांना मोटारीत बसवून सीमेपलीकडे, न्यूयॉर्क राज्यातील पोर्ट चेस्टरला किंवा ऱ्होड आयलंडमधील दवाखान्यांत नेऊ लागले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, राज्याची बंदी ही त्या स्त्रियांवर बसविलेली एक जकातच होती. जिच्यापाशी एका दिवसाची रजा आणि सीमेपलीकडे जाण्याची सोय, ती सुटली. जिच्यापाशी नाही, ती अडकली.

सँगरबाई १९३५ साली भारतात आल्या आणि डिसेंबरमध्ये वर्ध्यास गांधीजींना भेटल्या. कुटुंब लहान असावे यावर दोघांचे एकमत होते. पण संयमाखेरीज अन्य उपाय गांधीजींना मान्य झाला नाही. मुंबईत तोवर र. धों. कर्वे यांचे संततिनियमन केंद्र चौदा वर्षे चालू होते. पुढे १९५२ मध्ये मुंबईतच भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत धन्वंती रामराव यांच्यासह सँगरबाई होत्या.

या चरित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. सँगरबाईंनी सुप्रजननशास्त्राचा पुरस्कार केला आणि तथाकथित अपात्रांच्या निर्बीजीकरणास पाठिंबा दिला. हा विषयही राज्यांच्याच हाती होता. व्हर्जिनियाचा १९२४ चा सक्तीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये वैध ठरविला. अशा शस्त्रक्रियांत कॅलिफोर्निया सर्वांत पुढे होते. कनेक्टिकटमधील स्त्रीला मूल टाळण्याची मुभा नव्हती, तर कॅलिफोर्नियातील एखाद्या निराधार स्त्रीला मूल होऊ देण्यास राज्य तयार नव्हते. दोन्हीकडे निर्णय तिचा नव्हता. पहिला अन्याय ज्यांनी आयुष्यभर उघड केला, त्यांनाच दुसरा अन्याय दिसला नाही. न्यूयॉर्कमधील कुटुंबनियोजन संस्थेने २०२० मध्ये आपल्या दवाखान्यावरून त्यांचे नाव काढून टाकले, ते याच कारणाने.

कनेक्टिकटचा कायदा अखेर ७ जून १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. न्यू हेवन येथे मुद्दाम दवाखाना उघडून दोन कार्यकर्त्यांनी प्रत्येकी १०० डॉलर दंड ओढवून घेतला, तेव्हा हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तोही निकाल विवाहितांपुरता. अविवाहितांना तो हक्क १९७२ साली मिळाला. सँगरबाई सप्टेंबर १९६६ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या जन्मवर्षी झालेला कायदा त्यांच्या मृत्यूपूर्वी जेमतेम पंधरा महिने संपला होता.

हा इतिहास संपला असे मात्र म्हणता येत नाही. गर्भपाताविषयीचे १९७३ पासूनचे घटनात्मक संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये काढून घेतले आणि तो प्रश्न पुन्हा राज्यांकडे सोपविला. पैसे देऊन सरोगसीने झालेल्या मुलाचे आईबाप कोण, याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९९३ साली मूल हवे असलेल्या दाम्पत्याच्या बाजूने दिले. न्यूयॉर्कमध्ये मात्र असा करार २०२१ पर्यंत वैध नव्हता. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांना विमानाने कॅलिफोर्निया गाठता येत होते.

आपल्याकडे गर्भपाताचा १९७१ चा आणि सरोगसीचा २०२१ चा कायदा संसदेने केला, म्हणून अमेरिकेसारखा प्रश्न या बाबतीत उद्भवत नाही. पण त्यावर समाधान मानून चालणार नाही. कायद्याचा मजकूर सर्वत्र एकच असला, तरी डॉक्टर तालुक्यात आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी, यावर त्याची किंमत बदलते. ब्राउन्सव्हिलच्या त्या दारापुढे उभ्या राहिलेल्या स्त्रियांना पुस्तकातला हक्क नको होता. चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा दवाखाना हवा होता. कोणत्याही कायद्याची परीक्षा करताना, ज्या स्त्रीपाशी प्रवासाचे पैसे नाहीत तिच्या पदरात तो काय टाकतो, हे आधी विचारले पाहिजे.