वॉल्ट्झचा राजा योहान स्ट्राउस



दरवर्षी १ जानेवारीला ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथे एक मैफल होते आणि ती नव्वदाहून अधिक देशांत दाखवली जाते. आपल्या अमेरिकेतही टीव्हीवर ती पाहता येते. सोनेरी सभागृह, फुलांच्या राशी आणि शेवटच्या धूनवर ताल धरून टाळ्या वाजवणारे श्रोते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ साली संगीत शिकायला व्हिएन्नाला गेले आणि पुढे त्यांनी याच मैफलीचे संचालन पाच वेळा केले. या मैफलीत सर्वांत जास्त वाजते ते स्ट्राउस घराण्याचे संगीत. म्हणून या अंकात आम्ही योहान स्ट्राउसची ओळख करून देत आहोत.

ऑस्ट्रियाचे लोक कसे, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील की आनंदी, हौशी आणि नाचगाण्याचे शौकीन. ते खरेच आहे. पण हा आनंद कुठून येतो, हे स्ट्राउसच्या आयुष्यातून चांगले समजते.

योहानचा जन्म २५ ऑक्टोबर १८२५ रोजी व्हिएन्नाजवळ झाला. वडिलांचे नावही योहान स्ट्राउसच. ते नाचाच्या संगीताचे नामांकित रचनाकार होते. तेव्हा व्हिएन्नात वॉल्ट्झचे वेड होते. वॉल्ट्झ म्हणजे जोडीने गोल गोल फिरत करायचा नाच. त्याचा ताल तीन मात्रांचा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आपल्यापैकी जी मुले तबला शिकतात, त्यांना दादऱ्याच्या तीन-तीन मात्रांवरून हा झोका लगेच कळेल. व्हिएन्नाचे वादक मात्र दुसरी मात्रा किंचित लवकर घेतात. त्यामुळे पाय जमिनीवरून उचलल्यासारखे वाटतात.

मुलाने संगीतात पडू नये, बँकेत नोकरी करावी, अशी वडिलांची इच्छा होती. (पालकहो, हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही!) योहान वडिलांच्याच वाद्यवृंदातल्या एका वादकाकडे चोरून व्हायोलिन शिकला. आई आन्ना त्याच्या पाठीशी होती. पुढे वडील घर सोडून वेगळे राहू लागले आणि आईवर सगळा भार आला. तेव्हा अठरा वर्षांच्या योहानने आई-भावंडांना हातभार लावायचा म्हणून वाद्यवृंद काढण्याचा परवाना मागितला. १५ ऑक्टोबर १८४४ रोजी त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. श्रोत्यांनी त्याच्या रचना पुन्हा पुन्हा वाजवायला लावल्या. त्या रात्रीचा शेवट मात्र त्याने वडिलांच्या एका वॉल्ट्झने केला. वडील रागावलेले होते, तरी मुलाने त्यांचा मान राखला.

१८४८ साली व्हिएन्नात राजसत्तेविरुद्ध क्रांती झाली. बापलेक दोन बाजूंना गेले. वडिलांनी सम्राटाच्या सेनापतीच्या विजयासाठी 'राडेत्स्की मार्च' रचला. मुलाने फ्रेंच क्रांतीचे गीत वाजवले. त्यासाठी पोलिसांनी त्याची चौकशी केली आणि दरबारही बरीच वर्षे त्याच्यावर नाराज राहिला. १८४९ मध्ये वडील वारले. मुलाने त्यांचे वादक आपल्या वाद्यवृंदात सामावून घेतले. दरबारी नृत्यांच्या संगीताचे प्रमुखपद मात्र त्याला १८६३ साली मिळाले.

तेव्हाचा ऑस्ट्रिया आजच्यासारखा छोटा देश नव्हता. त्या साम्राज्यात जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश, क्रोएशियन, इटालियन अशा अनेक भाषा बोलणारे लोक होते आणि पोटापाण्यासाठी ते व्हिएन्नात येत. स्ट्राउसच्या संगीतात हे सगळे शेजारी एकत्र राहतात. त्याने भरपूर पोल्का लिहिल्या. पोल्का हा चेक लोकांचा नाच. त्याच्या संगीतिकांमध्ये हंगेरीचा चार्दाशही आहे. आज ज्याला आपण अस्सल व्हिएन्नाचे म्हणतो, ते अशा मिश्रणातूनच तयार झाले.

आता त्याच्या सर्वांत गाजलेल्या वॉल्ट्झची गोष्ट. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाने ऑस्ट्रियाचा दारुण पराभव केला. हजारो सैनिक मेले. पुढच्या हिवाळ्यात व्हिएन्नात नाचांचा हंगाम आला तरी कुणाचा जीव रमेना. तेव्हा पुरुषांच्या एका गायनमंडळासाठी स्ट्राउसने 'निळी डॅन्यूब' रचला. १५ फेब्रुवारी १८६७ रोजी तो प्रथम सादर झाला. गाण्याचे शब्द विनोदी होते. शहराने स्वतःच्याच दुःखाची थट्टा करावी तसे. पहिल्या रात्री प्रतिसाद बेताचाच होता, असे सांगतात. त्याच वर्षी पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात तो नुसत्या वाद्यांवर वाजला आणि मग जगभर पोहोचला. गंमत म्हणजे डॅन्यूब नदी बहुतेक दिवस निळी दिसतच नाही. हिरवट किंवा मातकट दिसते!

असेच पुन्हा घडले. ९ मे १८७३ रोजी व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला आणि कित्येक कुटुंबे धुळीला मिळाली. एप्रिल १८७४ मध्ये स्ट्राउसची 'फ्लेडरमाउस', म्हणजे 'वटवाघूळ', ही संगीतिका रंगभूमीवर आली. त्यात सगळे जण एका मेजवानीत खोट्या नावांनी मिरवतात आणि शेवटी साऱ्या गोंधळाचा दोष शॅम्पेनवर ढकलून मोकळे होतात. आपल्या हातात नाही ते हसून सोडून द्यावे, ही व्हिएन्नाची रीत त्यात पुरेपूर उतरली आहे.

लोकांना नाचवणारा हा माणूस स्वतः नाचत नसे. त्याला आगगाडीच्या प्रवासाची भीती वाटे. तरीही १८७२ साली तो जहाजाने अमेरिकेत आला आणि बॉस्टनच्या शांतता-महोत्सवात त्याने हजारो गायक-वादकांसमोर आपले संगीत सादर केले.

आता एक गोष्ट मोठ्या मुलांसाठी. पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर स्ट्राउसने केलेले दुसरे लग्न मोडले. पुढे त्याला आडेले या ज्यू घराण्यातल्या विधवेशी लग्न करायचे होते. पण ऑस्ट्रियाच्या तेव्हाच्या कायद्यात कॅथलिक माणसाला घटस्फोटानंतर लग्न करता येत नसे. तेव्हा त्याने कॅथलिक पंथ सोडला आणि १८८७ मध्ये साक्स-कोबुर्ग-गोथा या छोट्या जर्मन राज्याचे नागरिकत्व घेऊन तिथे लग्न केले. म्हणजे व्हिएन्नाचा सर्वांत लाडका संगीतकार शेवटची बारा वर्षे कागदोपत्री परदेशी होता! राहिला मात्र व्हिएन्नातच.

३ जून १८९९ रोजी न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. त्या दिवशी शहरातल्या एका बागेत मैफल चालू होती. बातमी कळताच संचालकाने काही न बोलता 'निळी डॅन्यूब' अगदी हळू वाजवायला लावला आणि लोक समजून गेले, अशी आठवण सांगितली जाते.

स्ट्राउसची कथा इथे संपत नाही. १९३८ साली हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. नाझींना स्ट्राउसचे संगीत हवे होते, पण एक अडचण होती. त्याचे पणजोबा बुडा शहरातून आलेले ज्यू होते आणि बाप्तिस्मा घेऊन १७६२ साली व्हिएन्नात त्यांचे लग्न झाले होते. सेंट स्टीफन्स कॅथीड्रलच्या वहीत तशी नोंद होती. नाझींनी ती वही उचलून नेली आणि ती नोंद गाळून वहीची नक्कल करून ठेवली. स्ट्राउसच्या सावत्र मुलीला त्याची हस्तलिखितेही गमवावी लागली. ज्या मैफलीने आम्ही हा लेख सुरू केला, तीही पहिल्यांदा ३१ डिसेंबर १९३९ रोजी, नाझी राजवटीतच झाली.

मग १९४५ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रिया पुन्हा स्वतंत्र झाला. तेव्हा देशाला राष्ट्रगीत नव्हते, म्हणून संसदेसमोर 'निळी डॅन्यूब' वाजवला गेला. पण सोडून द्यायची सवय इथे नडली. त्या काळात पुष्कळ ऑस्ट्रियन लोक नाझींच्या बाजूने होते, हे देशाने बरीच वर्षे मान्य केले नाही. १९९१ साली चॅन्सलर फ्रान्त्स व्रानित्स्की यांनी संसदेत ती जबाबदारी स्वीकारली. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाने आपला त्या काळातला इतिहास इतिहासकारांकडून तपासून २०१३ मध्ये लोकांसमोर ठेवला. आम्हाला वाटते, दुःख हसून झेलणे हा त्या लोकांचा मोठा गुण आहे. पण दुःख विसरणे वेगळे आणि आपली चूक विसरणे वेगळे. हे त्यांनाही उशिरा का होईना उमगले.

२०२५ मध्ये स्ट्राउसच्या जन्माला २०० वर्षे झाली. त्यानिमित्त ३१ मे रोजी 'निळी डॅन्यूब' रेडिओलहरींवरून अवकाशात, व्हॉयेजर-१ या यानाच्या दिशेने पाठवला गेला. १९७७ साली या यानासोबत पाठवलेल्या सोनेरी तबकडीत तो राहून गेला होता. त्या तबकडीत गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी मात्र पहिल्यापासून आहे. म्हणजे तिथे आपला सूर आधीच पोहोचला आहे, स्ट्राउस मागून निघाला आहे!

व्हिएन्नाच्या मोठ्या दफनभूमीत स्ट्राउसच्या शेजारी त्याचा मित्र ब्राम्स आहे आणि जवळच बेथोव्हेन आणि शूबर्ट आहेत. ब्राम्स हॅम्बुर्गचा, बेथोव्हेन बॉनचा, शूबर्टचे आईवडील मोराविया आणि सिलेशियाकडचे, आणि स्ट्राउसचे पणजोबा बुडाचे. चौघांची घराणी बाहेरून आलेली. तरी व्हिएन्ना म्हटले की हीच चार नावे आठवतात.

मुलांनो, येत्या १ जानेवारीला घरी सगळ्यांनी मिळून ती मैफल जरूर ऐका. 'निळी डॅन्यूब' सुरू झाला की बोटांवर तीन मात्रा मोजा. आणि त्याच दिवशी आजी-आजोबांना फोन करून विचारा, आपले पणजोबा कुठल्या गावाहून कुठे आले होते. उत्तर वहीत लिहून वर्गात आणा. ते खोडायचे मात्र नाही!