विश्लेषण : पेशाने वकील, हौशी सतारिये, मैफलींचे वेडे... पं. भातखंडे यांनी रागसंगीताचे व्याकरण कसे मांडले?

वसई-विरारमधल्या एखाद्या संगीत वर्गात संध्याकाळी डोकावले, तर पेटीसमोर बसलेली मुले भूप रागाची सरगम म्हणताना ऐकू येतील. त्यांच्या वहीत रागाच्या नावाखाली ठरावीक माहिती असते : थाट कल्याण, वादी गंधार, संवादी धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. राग असा ‘कोष्टकात’ लिहिण्याची पद्धत फार जुनी असावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती आज ज्या रूपात शिकवली जाते ते रूप सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे आहे. ते घडवणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) मैफली गाजवणारे गवई नव्हते. ते मुंबईचे वकील होते, हौसेने सतार वाजवत आणि मिळेल तिथे गाणे ऐकत.

भातखंडे कोण होते?

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. गाण्याची ओढ लहानपणापासून होती, मात्र घर गवयांचे नव्हते. विद्यार्थीदशेत त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे धडे घेतले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते १८८५ मध्ये बी.ए. झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी एलएल.बी. पदवी मिळवली. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. त्या काळातल्या सुशिक्षित कुटुंबात गाणे ऐकणे चालत असे, पण गाण्यावर पोट भरणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. त्यामुळे सतार आणि गाणे हे वकिलीबाहेरच्या वेळेतले छंद म्हणूनच राहिले.

तेव्हा गाणे ऐकायला कुठे मिळत असे?

ध्वनिमुद्रिका भारतात येण्याआधीचा हा काळ. गाणे ऐकायचे तर गवयासमोर जाऊन बसण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मोठे कलावंत संस्थानांच्या दरबारी असत किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात गात. सामान्य रसिकाला तिथे सहज प्रवेश नसे. मुंबईत मात्र एक वेगळी सोय होती. कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये गायन उत्तेजक मंडळी ही संस्था स्थापन केली होती. पारशी समाजातील रसिकांनी चालवलेल्या या संस्थेत संगीत शिकवले जाई आणि मुंबईत येणाऱ्या कलावंतांचे गाणेही होई.

भातखंडे १८८४ मध्ये या मंडळीत दाखल झाले आणि त्यांना गाण्याचा खजिनाच सापडला. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी ध्रुपदे घेतली, अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. पाहता पाहता त्यांच्याजवळ शेकडो चिजा जमल्या. गवयाच्या तोंडून ऐकलेली चीज स्वरांत उतरवून ठेवण्याची सवयही याच काळात पक्की झाली.

ऐकता ऐकता कोणता प्रश्न पडला?

एकच राग दोन गवई वेगवेगळ्या तऱ्हेने गात. एकाच्या रागात कोमल निषाद लागे, दुसऱ्याच्या रागात तो वर्ज्य असे. कारण विचारले तर उत्तर बहुधा एकच असे, की गुरूने असे शिकवले. दुसरीकडे ‘संगीतरत्नाकर’सारखे जुने संस्कृत ग्रंथ होते. त्यांत रागांची नावे सापडत, पण त्यांचे वर्णन प्रत्यक्षात गायल्या जाणाऱ्या रागांशी जुळत नसे. पंडितांना ग्रंथ ठाऊक होते, पण गाणे येत नव्हते. गवयांना गाणे येत होते, पण ग्रंथांशी त्यांचा संबंध नव्हता.

वकिलाच्या नजरेला हे खटकणे स्वाभाविक होते. कायद्यात कलम असते आणि निवाडेही असतात. इथे निवाडे शेकडो होते आणि कलम एकही नव्हते. तेव्हा आज जे गायले जाते ते आधी गोळा करावे आणि मग त्यातूनच नियम काढावेत, असा मार्ग भातखंडे यांनी निवडला.

छंदाचे जीवितकार्य कसे झाले?

याच वर्षांत घरात एकामागून एक आघात झाले. १९०० मध्ये पत्नीचे निधन झाले आणि १९०३ मध्ये एकुलती मुलगीही गेली. संसार संपला होता. भातखंडे यांनी वकिली हळूहळू आवरती घेतली आणि उरलेले आयुष्य संगीताला दिले.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुराई या भागांत त्यांनी विद्वानांच्या भेटी घेतल्या आणि ग्रंथालयांत पोथ्या पाहिल्या. एट्टयपुरम येथे त्यांची सुब्बराम दीक्षितर यांच्याशी भेट झाली. व्यंकटमखी यांच्या १७व्या शतकातील ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथातील ७२ मेळांची रचना याच प्रवासात त्यांच्या अभ्यासाचा केंद्रबिंदू ठरली. पुढील काही वर्षांत त्यांनी नागपूर, कोलकाता, विजयनगरम, अलाहाबाद, बनारस, लखनौ, दिल्ली, जयपूर, बिकानेर आणि उदयपूर अशी भ्रमंती केली. बरोबर प्रश्नांची यादी असे. भेटलेल्या माणसांची आणि उत्तरांची नोंद ते दैनंदिनीत करत.

दहा थाट म्हणजे नेमके काय?

दक्षिणेतील ७२ मेळ हे स्वरांच्या सर्व शक्य जुळण्यांचे गणित आहे. उत्तरेत गायल्या जाणाऱ्या रागांसाठी त्यातल्या दहा जुळण्या पुरतात, असे भातखंडे यांनी मांडले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे ते दहा थाट. सगळे शुद्ध स्वर असलेला बिलावल हा मूळ थाट धरला, की बाकीचे समजायला सोपे जातात. त्यात मध्यम तीव्र केला की कल्याण होतो. निषाद कोमल केला की खमाज होतो आणि गंधार-निषाद दोन्ही कोमल केले की काफी.

थाट म्हणजे राग नव्हे. तो रागांची वर्गवारी करण्याचा कप्पा आहे. म्हणून भातखंडे यांनी थाटाला वादी-संवादी स्वर आणि गानसमय यांची जोड दिली. भूप आणि देसकार या रागांचे उदाहरण घेतले, तर याचा उपयोग लगेच कळतो. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. पण भूपात भर गंधारावर असतो आणि देसकारात धैवतावर. गंधार सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागातला, म्हणून भूप संध्याकाळनंतरचा. धैवत वरच्या भागातला, म्हणून देसकार सकाळचा. स्वर तेच असूनही राग वेगळे का, याचे उत्तर विद्यार्थ्याला दोन ओळींत देता येऊ लागले.

स्वरलिपी कशी वाचायची?

रागांची वर्गवारी झाली तरी चिजा कागदावर उतरवल्याशिवाय त्या सर्वांपर्यंत पोहोचणार नव्हत्या. त्यासाठी भातखंडे यांनी अगदी सोपी लिपी वापरली. कोमल स्वराच्या अक्षराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब, तार सप्तकातील स्वरावर टिंब. समेला गुणिलेची खूण, कालाला शून्य आणि बाकीच्या टाळ्यांना आकडे. एका मात्रेत अनेक स्वर असतील, तर त्यांच्याखाली अर्धचंद्राकार कंस. छापखान्यात ही लिपी जुळवणे सोपे आणि विद्यार्थ्याला वाचणेही सोपे.

त्यांचे समकालीन पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांची लिपी वेगळी आहे. तिच्यात मंद्र सप्तकाचे टिंब स्वराच्या वर येते. परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा आजही इथेच गोंधळ होतो. दोन्ही विष्णूंचे ध्येय एकच होते, वाटा वेगळ्या होत्या. पलुस्कर स्वतः मैफली गाजवणारे गायक होते. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाण्याचे शिक्षण सर्वांपर्यंत नेले. भातखंडे यांनी आधी काय शिकवायचे तेच निश्चित करण्यावर भर दिला.

ग्रंथ कोणते लिहिले?

‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ त्यांनी चतुर पंडित या टोपणनावाने संस्कृतात लिहिला. पाठोपाठ ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ मराठीत आला. त्याचे चार भाग १९१० ते १९३२ या काळात प्रसिद्ध झाले. गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांची बैठक असावी, तशी त्याची मांडणी आहे. ‘क्रमिक पुस्तक मालिका’च्या सहा भागांत १८००च्या आसपास चिजा स्वरलिपीसह आहेत. हिंदुस्थानी संगीताचा हा पायाभूत साठा मूळ मराठीत आला आणि नंतर हिंदीत गेला, हे अनेकांना ठाऊक नसते.

घराण्यांचा विरोध का होता?

उस्तादांच्या दृष्टीने चीज ही वडिलोपार्जित मालमत्ता होती. ती मुलाला किंवा निष्ठावान शिष्यालाच मिळे, तीही अनेक वर्षांच्या सेवेनंतर. दरबारी नोकरी आणि घराण्याची प्रतिष्ठा तिच्यावर अवलंबून असे. तीच चीज काही आण्यांच्या पुस्तकात छापून आली, तर घराण्याकडे उरणार काय, ही भीती निराधार नव्हती.

तरीही अनेकांनी दार उघडले. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून भातखंडे यांना मोठा साठा मिळाला. त्यांच्या चिजा फोनोग्राफवर मुद्रितही करण्यात आल्या. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ आणि तानसेनाच्या परंपरेतले बीनकार वझीर खाँ यांच्याकडे तर भातखंडे शिष्य म्हणून गेले. पन्नाशीच्या आसपासच्या, ग्रंथकार म्हणून नाव झालेल्या वकिलाने पुन्हा शिष्यत्व पत्करावे, ही त्या काळातही साधी गोष्ट नव्हती.

परिषदा आणि महाविद्यालये कशी उभी राहिली?

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. गवई, पंडित आणि अभ्यासक एका मांडवाखाली आले. २२ श्रुतींच्या प्रश्नावर तिथे वाद झडला. इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गणिताने ठरवलेल्या श्रुतींचा आग्रह धरला. भातखंडे यांना ते मान्य नव्हते, कारण त्यांच्या लेखी प्रमाण होते ते गवयाच्या गळ्यातले संगीत. पुढे दिल्ली (१९१८), बनारस (१९१९) आणि लखनौ येथे परिषदा झाल्या.

ग्वाल्हेरला १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांच्या नावाची ही संस्था आज भातखंडे यांच्या नावाने विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तिची धुरा पुढे त्यांचे मराठी शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ सांभाळली. मात्र दिल्लीत राष्ट्रीय संगीत अकादमी काढण्याचे आणि उत्तर-दक्षिणेच्या संगीताला एका पद्धतीत आणण्याचे भातखंडे यांचे स्वप्न त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही.

त्यांच्यावर टीका कोणती होते?

पहिला आक्षेप दहा थाटांवर आहे. पटदीपात गंधार कोमल आणि निषाद शुद्ध असतो, मधुवंतीत त्याच कोमल गंधाराबरोबर तीव्र मध्यम येतो. अहीर भैरवात कोमल रिषभ आणि कोमल निषाद आहेत. हे राग दहापैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाहीत, त्यांना ओढूनताणून बसवावे लागते. दुसरा आक्षेप असा, की कागदावर चीज येते, पण मींड, आंदोलन, आवाजाचा लगाव येत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उस्तादांना शास्त्र कळत नाही, अशी भातखंडे यांची भूमिका त्यांच्यावर अन्याय करणारी होती, असे आजचे काही अभ्यासक म्हणतात. ज्यांना अशास्त्रीय ठरवले, त्यांच्याच गळ्यातून त्यांचे शास्त्र आले होते, ही विसंगती नाकारता येत नाही.

अखेर कशी झाली?

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघात झाला आणि शेवटची वर्षे अंथरुणावर गेली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

चीज मिळवण्यासाठी ज्या काळात उस्तादाची वर्षानुवर्षे सेवा करावी लागे, त्या काळात त्यांनी ती छापून सर्वांच्या हाती दिली. त्यात काही निसटलेही. पण गवयाच्या घरी न जन्मलेल्या मुलालाही आज भूप आणि देसकार यांतला फरक शिकता येतो. त्याच्या वहीतले ते कोष्टक एका हौशी श्रोत्याने आयुष्यभर ऐकून आणि विचारून तयार केले आहे.