कै. लक्ष्मीबाई टिळक यांचे सेवामय जीवन

कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते, वाईवरून माहुलीस येते, तेथे वेण्णेला पोटात घेते व पुढे कऱ्हाड-सांगलीकडे जाते. वाटेत ती कोणाची जात विचारीत नाही. तिच्या काठी मात्र माणसांनी पाणवठे वेगळे केले. आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांना हे सांगावयास नको. त्यांच्या वाडवडिलांनी दुरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यालेले आहे. ज्या स्त्रीचे चरित्र आज आम्ही सांगणार आहोत ती पाणी ओतणाऱ्यांच्या बाजूस जन्मली होती. प्रभूने तिला त्या बाजूने उचलून आमच्यामध्ये आणून बसविले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांना सोवळ्याचे इतके वेड होते की बाजारातून आणलेले धान्य व मीठसुद्धा धुऊन घरात घेतले जाई. बालवयातच त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक मोठे कवी व उदार अंतःकरणाचे. परंतु एका जागी त्यांचे पाऊल ठरत नसे व हातात पैसा टिकत नसे. संसाराच्या आरंभीच लक्ष्मीबाईंना अपत्यमरणाचे दुःख सोसावे लागले. पुढे १८९१ साली देवदत्त झाला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता ऐकून लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. पदरी लहान मूल आणि आसरा नातलगांचा. अशी चार-पाच वर्षे त्यांनी काढली. त्या दुःखात त्यांना कविता सुचू लागली. टिळकांनी पूर्वी त्यांना अक्षरओळख करून दिली होती, पण जोडाक्षरे त्यांना कधीच नीटशी साधली नाहीत.

अखेरीस त्या अहमदनगरास पतीजवळ येऊन राहिल्या. पण आपली चूल व आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हा त्यांचा मोठेपणा आम्ही विसरू नये, कारण ओढून आणलेले मन प्रभूच्या उपयोगी पडत नाही. स्वतः विचार करता करता लक्ष्मीबाईंना उमगले की देवाने माणूस केला आणि जाती माणसाने केल्या. मग त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेण्याचे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. म्हणजे पाण्याची भिंत आधी पडली व मंडळीचे दार मागून उघडले. याकोबाच्या विहिरीवर प्रभूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, त्याचा अर्थ या बाईंना असा अनुभवाने कळला.

पुढे त्यांच्या घराचे दार बंद असे झालेच नाही. पोरकी मुले त्या घरात वाढली. बालकवी म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनाही त्यांनी पोटच्या मुलासारखे वागविले. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत. तरी आईच्या मायेत अंतर पडले नाही. घरात पैशाची सदा चणचण असे. दिवाणखान्यात कवितेची बैठक रंगे, तेव्हा आत डब्यात पीठ किती उरले हे पाहणे लक्ष्मीबाईंच्या वाट्यास येई. त्या मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हत्या. पतीशी भांडत, थट्टाही करीत; पण दारी आलेल्यास उपाशी परत पाठवीत नसत.

नगरास प्लेग आला, तेव्हा आजारी मुलींना गावाबाहेरच्या छावणीत न्यावे लागले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. रक्ताचे नातलगही गाठ उठलेल्या माणसापासून दूर पळत. लक्ष्मीबाई आपण होऊन तेथे शुश्रूषेस गेल्या. ज्या मुलीला लहानपणी परक्याचा स्पर्श टाळण्यास शिकविले होते, तिने परक्यांची मरणोन्मुख लेकरे मांडीवर घेतली. आमच्या मते त्यांच्या विश्वासाची खरी साक्ष हीच होय.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास देवाचा दरबार स्थापन केला. महिन्याचा पगार थांबला. लक्ष्मीबाईंनी तोही संसार सांभाळला. पुढे ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस प्रभूकडे गेले. वैधव्य आले, वय पन्नाशीचे, शिक्षण बेताचे. तरी त्यांनी मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचे काम केले. पुढे काही काळ त्या मुलाजवळ कराचीस राहिल्या. टिळकांचे ख्रिस्तायन हे काव्य थोड्याच अध्यायांवर अपुरे राहिले होते. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या या बाईंनी त्यास साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. स्मृतिचित्रे हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्याला मराठी साहित्यात मानाचे स्थान मिळाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

प्रिय वाचकहो, आमच्या गावांतून फिरताना आम्ही पुष्कळदा ऐकतो की कर्ज फिटू दे, मुलीचे लग्न होऊ दे, दुखणे हटू दे, मग प्रभूची सेवा करू. लक्ष्मीबाईंची अडचण कधी संपलीच नाही. त्यांनी जी सेवा केली ती अडचणीत राहूनच केली. डब्यात जे पीठ होते त्याचीच भाकरी वाटली.

आणखी एक गोष्ट आम्हांस जड मनाने लिहावी लागते. दुरून ओतलेले पाणी प्यालेल्यांची आपण मुले. तरीही आपल्यांतील काही घरी अमक्या कुळीच्या भावाला निराळा पेला दिला जातो, आणि सोयरीक जुळविताना जुनी जात पुन्हा वर येते. प्रभूच्या मेजावर एका प्याल्यातून पिणाऱ्यांना हे शोभते काय? उपदेशक बंधूंनी येत्या रविवारी हे चरित्र मंडळीत वाचून दाखवावे. त्याआधी प्रत्येकाने आपल्या घरचा पाण्याचा माठ पाहावा व तो कोणाकोणास मोकळा आहे हे स्वतःस विचारावे. आम्हीही तसेच करणार आहोत.