आडनावाचा ब्रँड कसा होतो? लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. मात्र रंग ओळखण्यात दोष असल्याने ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली.

बेळगावात भाऊ रामुअण्णांसह त्यांनी सायकलचे दुकान चालवले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा तेव्हा अनेक शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिले. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता जळगाव किंवा धुळ्याच्या शेतकऱ्याचा विचार करा. काळ्या, चिवट जमिनीसाठी नांगर घेताना तो कारखाना पाहायला जाणार नाही. तो नाव पाहून पैसे मोजणार. वर्षानुवर्षे चांगला माल दिल्याने नावाला मिळणाऱ्या या विश्वासाला कायद्यात 'गुडविल', म्हणजे बाजारातली पत म्हणतात. दुसऱ्याच्या नावाचा भास निर्माण करून आपला माल खपवणे म्हणजे 'पासिंग ऑफ'.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. नावाची पत मात्र टिकली आणि त्यावरून वादही झाला. १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे किर्लोस्कर डिझेल रिकॉन या कंपनीचे प्रकरण आले. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा कायदा देतो, हा बचावाचा मुद्दा होता. न्यायालयाने तो मानला नाही. ही मुभा माणसाला असते. स्वतःचे नाव स्वतःच निवडणाऱ्या कंपनीला ती लागू होत नाही. धंदा वेगळा असला, तरी ग्राहकाला तो जुन्या समूहाचाच वाटू शकतो, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. मनाई कायम राहिली.

आजच्या १९९९ च्या कायद्यातही नोंदणी नसताना पासिंग ऑफचा दावा करता येतो. मात्र नाव आधीपासून वापरात होते, त्याला पत होती आणि ग्राहकाची फसगत होऊन नुकसान होते, हे दाखवावे लागते. म्हणून जुनी बिले, जाहिराती आणि विक्रीच्या वह्या जपून ठेवाव्यात.