पाणी आधी शेतात मुरवा सांगणारे जोतिबा

गुहागर : एप्रिल लागला की तालुक्यातल्या वाड्यांवर विहिरींचा तळ दिसू लागतो. याच महिन्यात, ११ एप्रिल १८२७ रोजी महात्मा जोतिराव फुले जन्मले. त्यांनी काढलेली मुलींची शाळा सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याचा विचार करणारे जोतिबा मात्र फारसं कुणी सांगत नाही.

घर माळ्याचं, फुलं-भाजीपाल्याचं. पुढे त्यांनी ठेकेदारी केली, खडकवासला धरणाच्या कामातही ते होते. १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला. १८७६-७७ चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला.

१८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात सरकारला उपाय सांगितले. पलटणी-पोलिसातल्या माणसांकडून ताली, बंधारे घालून घ्यावेत. पावसाचं पाणी आधी शेतात मुरावं, मग ओढ्या-नाल्याला जावं. पाणाड्यांकडून झरे शोधून गावच्या नकाशावर खुणा कराव्यात. स्वतःच्या बळावर विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिबा गेले. सांगणं आजही लागू आहे.

आपला जांभा भोकाभोकांचा. सड्यावर पडलेला पाऊस तो पटकन आत घेतो. पण खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी आडवं सरकतं, उतारावर झऱ्यातून बाहेर पडतं आणि समुद्राला जातं. म्हणून धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं. सड्यावर चर, वहाळाला वेळेत बंधारा घातला, तर तेच पाणी विहिरीला चार दिवस जास्त पुरेल.