आकड्यांना वाचा देणारी फ्लॉरेन्स

इटली देशात फ्लॉरेन्स नावाचे एक सुंदर शहर आहे. या शहरी दिनांक १२ मे १८२० रोजी प्रवासास आलेल्या एका इंग्रज दांपत्यास कन्यारत्न झाले. ज्या शहरात ती जन्मली, त्याचेच नाव आईवडिलांनी तिला ठेवले. हीच पुढे जगप्रसिद्ध झालेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल होय. रात्रीच्या वेळी हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी दयाळू परिचारिका म्हणून सारे जग तिला ओळखते. परंतु दिव्याइतकेच प्रभावी असे दुसरे एक साधन तिच्या हाती होते. ते साधन म्हणजे गणित.

फ्लॉरेन्सचे घराणे श्रीमंत होते. राहण्यास मोठे वाडे होते, दिमतीस नोकरचाकर होते. त्या काळी अशा घरच्या मुलींनी थोडे गायन, थोडे भरतकाम शिकावे आणि चांगल्या घरी नांदावयास जावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे. फ्लॉरेन्सचे वडील मात्र निराळ्या विचारांचे होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना ग्रीक व लॅटिन भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय स्वतः शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. वस्तू निवडाव्यात, त्यांचे वर्ग पाडावेत आणि त्यांची नीटनेटकी यादी करावी, हा तिचा लहानपणापासूनचा छंद होता.

वयाच्या सतराव्या वर्षी, आपला जन्म ईश्वराने सेवेसाठी दिला आहे, अशी तिच्या मनाची खात्री झाली. रुग्णांची शुश्रूषा करण्याचा तिने निश्चय केला. हे ऐकून घरी मोठा गहजब उडाला. त्या काळची रुग्णालये घाणेरडी असत आणि तेथे काम करणाऱ्या बायकांना समाजात मान नसे. आईने विरोध केला, बहीण रुसली. फ्लॉरेन्सने भांडण केले नाही, पण निश्चयही सोडला नाही. अनेक वर्षे ती पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल वाची आणि त्यांतील आकड्यांची टिपणे काढी. अखेर सन १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथील संस्थेत जाऊन तिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. सन १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाचा कारभार तिच्याकडे आला.

पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स ही राष्ट्रे तुर्कस्थानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्धात उतरली. काळ्या समुद्राच्या उत्तरेस असलेल्या क्रिमिया द्वीपकल्पावर घनघोर लढाया झाल्या. तेथील आजारी व जखमी इंग्रज सैनिकांना जहाजात घालून समुद्रापलीकडे, इस्तंबूलजवळील स्कुतारी गावी आणले जाई. तेथे त्यांचे अतिशय हाल होतात, अशा वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागताच इंग्लंडमधील जनता संतापली. तेव्हा लष्करी खात्याचे मंत्री सिडने हर्बर्ट यांनी फ्लॉरेन्सला मदतीची विनंती केली. ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह ती निघाली आणि नोव्हेंबरच्या आरंभी स्कुतारीस पोहोचली.

तेथील दृश्य पाहून कोणाचेही काळीज फाटले असते. सैनिकांच्या एका प्रचंड बराकीचे रुग्णालय बनविलेले होते. लांबच लांब ओवऱ्यांतून रुग्णांच्या रांगा लागलेल्या होत्या. पुरेसे बिछाने नव्हते, स्वच्छ कपडे नव्हते, भांडी नव्हती, जखमा बांधण्यास पट्ट्या नव्हत्या. जिकडे तिकडे उंदीर धावत होते. फ्लॉरेन्सने पदर खोचून कामास सुरुवात केली. तिने स्वयंपाकघर सुधारले, धुलाईची सोय केली, औषधे व वस्त्रे मागविली. रात्री सर्वत्र सामसूम झाली म्हणजे हाती दिवा घेऊन ती एकेका रुग्णापाशी जाई.

तथापि एवढे कष्ट करूनही मृत्यूंचा लोंढा थांबेना! हिवाळा जसजसा कडक होत गेला, तसतसे मृत्यू वाढतच गेले. असे का व्हावे, हे कोणासच कळत नव्हते. मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून स्वच्छतेची पाहणी करणारे एक मंडळ स्कुतारीस आले. डॉक्टर सदरलंड आणि अभियंता रॉलिन्सन हे त्याचे प्रमुख सभासद होते. त्यांनी जमीन उकरून पाहिली, तेव्हा रुग्णालयाच्या खालून तुंबलेली गटारे वाहत असल्याचे आढळले. दूषित हवा आणि दूषित पाणी यांच्या मध्यावर रुग्ण झोपत होते! मंडळाने गटारे साफ करविली, घाणीचे ढीग व मेलेली जनावरे हलविली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांतून हवा खेळविली. त्यानंतर मृत्यू झपाट्याने कमी झाले.

सन १८५६ मध्ये युद्ध संपले. फ्लॉरेन्सच्या स्वागतासाठी इंग्लंडमध्ये मोठी तयारी चालली होती. परंतु सत्कार टाळून ती गुपचूप घरी परतली. क्रिमियात जडलेल्या तापाने तिची प्रकृती कायमची खालावली होती. त्याहून मोठी वेदना मनात होती. हजारो तरुण सैनिक तिच्या डोळ्यांसमोर मृत्यू पावले होते. ते कशामुळे मेले, हे जगाला कळले नाही, तर पुढच्या युद्धातही असेच घडेल, ही चिंता तिला झोपू देईना.

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच सापडेल, हे तिने ओळखले. इंग्लंडमधील जन्ममृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत विल्यम फार नावाचे विद्वान संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांच्या मदतीने तिने सैन्यातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. नोंदींत गोंधळ माजलेला होता. एका वहीतील बेरीज दुसऱ्या वहीशी जुळत नसे. तरीही त्या दोघांनी चिकाटीने महिन्यामहिन्याचे आकडे लावले आणि मृत्यूंचे तीन वर्ग पाडले : टाळता येण्याजोगे साथीचे रोग, लढाईतील जखमा आणि इतर कारणे.

जानेवारी १८५५ या एका महिन्याचेच उदाहरण घेऊ. त्या महिन्यात ३,१६८ सैनिक मरण पावले. आता शत्रूने किती मारले, ते पाहू. जखमांमुळे मेले केवळ ८३. ते वजा केले असता ३,०८५ उरतात. इतर कारणांनी मेले ३२४. तेही वजा केले, तरी २,७६१ शिल्लक राहतात. हे सारे सैनिक पटकी, हगवण, ताप अशा रोगांना बळी पडले होते. त्या वेळी सैन्यात सरासरी ३२,३९३ लोक होते. २,७६१ या संख्येस १२ ने गुणून पाहावे, म्हणजे फ्लॉरेन्सला काय दिसले ते कळेल. त्याच वेगाने रोग चालू राहता, तर एका वर्षात सगळे सैन्य लढाईवाचूनच नष्ट झाले असते!

सत्य हाती आले, पण ते सांगावे कसे? आकड्यांनी भरलेले लांबलचक तक्ते मंत्री आणि सेनाधिकारी वाचणार नाहीत, हे फ्लॉरेन्सला ठाऊक होते. म्हणून तिने आकड्यांचे चित्र काढावयाचे ठरविले. तिने एका वर्तुळाचे बारा सारखे भाग कल्पिले, प्रत्येक महिन्यास एक. प्रत्येक भागात मध्यबिंदूपासून निघणाऱ्या तीन पाकळ्या काढल्या. रोगांनी झालेले मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या रंगात आणि इतर कारणांचे काळ्या रंगात दाखविले. जितके मृत्यू जास्त, तितकी पाकळी मोठी. एका आकृतीत एप्रिल १८५४ पासून मार्च १८५५ पर्यंतचे वर्ष होते व दुसरीत त्यापुढचे वर्ष.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. पाकळीची लांबी दुप्पट केली, तर तिचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणून मृत्यूंचे प्रमाण चौपट असेल, तेव्हा पाकळीची लांबी दुप्पटच घ्यावी लागते. नऊपट असेल, तेव्हा तिप्पट. नाही तर चित्र पाहणाऱ्याची फसवणूक होते. आपले चित्र लोकांना हादरवून सोडणारे असावे, ही फ्लॉरेन्सची इच्छा होती. परंतु ते खरेही असले पाहिजे, याविषयी ती दक्ष होती.

सन १८५८ मध्ये हे चित्र छापले गेले. ज्याला आकडेमोड येत नाही, त्यालाही ते क्षणात समजे. मध्यभागी तांबडा रंग थोडासा आणि त्याभोवती निळ्या रंगाच्या अवाढव्य पाकळ्या! दुसऱ्या वर्षाच्या आकृतीत मात्र त्याच निळ्या पाकळ्या आखडत गेलेल्या दिसत. जानेवारी १८५६ मध्ये सैन्य ४४,२१२ झाले होते, तरी रोगांनी फक्त ४२ सैनिक दगावले होते. स्वच्छता, चांगले अन्न आणि निवारा मिळाला, तर माणसे जगतात, हे त्या चित्राने सिद्ध केले.

या सत्यात फ्लॉरेन्सला बोचणारा एक काटा होता. सर्वांत भीषण मृत्यू ज्या रुग्णालयांत झाले, त्यांत स्कुतारीचे, म्हणजे तिच्या स्वतःच्या सेवेचे रुग्णालय होते. लोक तिला देवता मानत होते. आपल्या रुग्णालयाचे आकडे तिने झाकून ठेवले असते, तर कोणी विचारलेही नसते. परंतु तिने ते जगापुढे मांडले. केवळ दया पुरेशी नाही, दयेला ज्ञानाची जोड हवी, हा धडा तिने स्वतःच्या दुःखातून घेतला होता.

शांततेच्या काळातही इंग्लंडमधील बराकींत राहणारे तरुण सैनिक त्याच वयाच्या इतर नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही तिने आलेखांच्या द्वारे दाखवून दिले. सरकारने आयोग नेमला. बराकी सुधारण्यात आल्या, लष्करी डॉक्टरांसाठी शाळा निघाली आणि सैन्याच्या आरोग्याची आकडेवारी रीतसर ठेवली जाऊ लागली. सन १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. तरीही येथील छावण्यांना प्रश्नपत्रिका पाठवून तिने पाणी, गटारे व आजार यांची माहिती गोळा केली. येथे दर हजारी ६९ गोरे सैनिक दरवर्षी मरत होते. सन १८७३ मध्ये लिहिलेल्या निबंधात तिने ते प्रमाण १८ पर्यंत उतरल्याचे दाखविले. पुढे तिचे लक्ष सैनिकांवरून खेड्यांतील गरीब जनतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, ग्रामस्वच्छता या विषयांवर ती लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

सन १८६० मध्ये तिने लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी शाळा सुरू केली. या शाळेमुळे शुश्रूषेच्या कामास प्रतिष्ठा लाभली. आयुष्याची कित्येक वर्षे तिने आजारपणामुळे खोलीतच काढली, परंतु तिची लेखणी थांबली नाही. दिनांक १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिचा अंत झाला. तिच्या थडग्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे. तिचा जन्मदिवस आज परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

फ्लॉरेन्सला एकेक आकृती हाताने आखावी लागली. आज हेच काम संगणकाच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, काही क्षणांत होते. वर केलेली वजाबाकी चित्रात मांडावयाची झाल्यास चार उभे स्तंभ काढतात. पहिला स्तंभ तळापासून ३,१६८ पर्यंत उंच असतो. दुसरा तळास टेकत नाही. तो ३,१६८ पासून ३,०८५ पर्यंतच लोंबतो. तिसरा तेथून २,७६१ पर्यंत उतरतो आणि चौथा पुन्हा तळापासून २,७६१ पर्यंत उभा राहतो. मधले दोन स्तंभ अधांतरी राहावेत, म्हणून त्यांच्याखाली अनुक्रमे ३,०८५ आणि २,७६१ उंचीचे रंगहीन स्तंभ टेकू म्हणून ठेवतात. पाणी पायरीपायरीने खाली यावे, तसा हा आलेख दिसतो. म्हणून त्यास धबधबा आलेख असे म्हणतात. त्यात जखमांची पायरी इतकी बारीक आणि शेवटचा स्तंभ इतका उंच दिसतो, की फ्लॉरेन्सला जे सांगावयाचे होते, ते येथेही एका दृष्टिक्षेपात कळते.

यंत्र स्तंभ काढून देईल, परंतु कोणते आकडे मोजावयाचे आणि ते खरेपणाने कसे मांडावयाचे, हे माणसालाच ठरवावे लागते. तक्त्यातील प्रत्येक आकड्यामागे कोणा आईचा मुलगा होता, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल कधी विसरली नाही. म्हणूनच तिच्या हातून आकड्यांना वाचा फुटली आणि असंख्य माणसांचे प्राण वाचले.